कंपनीच्या यादीत ती कुठे आहे?

(महाबळेश्वर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोठी कंपनी तिच्याशी संबंध येणाऱ्या निरनिराळ्या लोकांशी कशी वागते, कोणाला विचारते, कोणाचे ऐकते, हा आजचा विषय. ऐकायला कोरडा वाटेल, म्हणून आपण बसलो आहोत तिथूनच सुरुवात करू. कृष्णेचा उगम इथलाच. पुढे वाई, कराड, वाळवा, पलूस करत ती सांगलीला जाते आणि तिच्या पाण्यावर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतला ऊस उभा राहतो. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या, तशाच आपल्या जत भागातल्या बायका नवऱ्यापोरांसह त्या उसाच्या फडात उतरतात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर होते. महाराष्ट्रातली साखर बड्या कंपन्यांच्या शीतपेयांतही जाते. म्हणजे एका टोकाला बहुराष्ट्रीय कंपनी आणि दुसऱ्या टोकाला फडातली बाई. या दोघींचे नाते काय, एवढेच आज पाहू.

कंपन्यांच्या भाषेत एक शब्द सारखा येतो, 'स्टेकहोल्डर'. आपण 'हितसंबंधी' म्हणू. भागधारक म्हणजे ज्याने पैसा घातला तो. हितसंबंधी म्हणजे कंपनीच्या कारभाराने ज्याच्या जगण्याचे बरेवाईट होते तो प्रत्येक जण: कामगार, माल पुरवणारे, गिऱ्हाईक, शेजारचे गाव. कल्पना चांगली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ मध्ये लिहिले आहे की संचालकांनी भागधारकांबरोबर कामगारांचे आणि समाजाचे हित पाहावे, पर्यावरण राखावे. पण त्याच कायद्याचे कलम १७८ वाचा. हजारावर भागधारक वा रोखेधारक असलेल्या कंपनीने हितसंबंधीयांसाठी समिती नेमावी, असे त्यात आहे. या समितीने तक्रारी कोणाच्या सोडवायच्या? तर ज्यांच्या हातात कंपनीचे शेअर किंवा रोखे आहेत त्यांच्या. नाव सगळ्यांचे, कान मात्र पैसेवाल्यांना!

शेअर बाजारावर देखरेख करणारी 'सेबी' आणखी एक गोष्ट मागते. बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून दरवर्षी एक अहवाल देणे बंधनकारक आहे. त्यात तक्ता असतो. तुमचे हितसंबंधी गट कोणते? त्यांतला दुर्बल, वंचित गट कोणता? त्यांच्याशी कोणत्या मार्गाने बोलता, किती वेळा, कशाबद्दल? प्रश्न योग्य आहेत. फक्त यादी कोणी करायची? कंपनीनेच. आपला हितसंबंधी कोण हे ठरवण्याचा पहिला अधिकार कंपनीच्याच हातात राहतो. सगळी गोम इथे आहे.

आता फडातली बाई या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात बसवाल? ती कंपनीची कामगार नाही, कारण कंपनी फक्त साखर विकत घेते. ती कारखान्याची कामगार नाही, कारण कारखान्याचा करार ठेकेदाराशी किंवा मुकादमाशी असतो. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. नवराबायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. दोन माणसे, चार हात, आणि हिशेब एका कोयत्याचा. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी, रात्री गाडी भरायला उठणारी बाई त्या अर्ध्या कोयत्यात असते. कंपनीपासून नवऱ्यापर्यंत प्रत्येक पायरीवर काही ना काही व्यवहार, काही ना काही नोंद आहे. तिच्यापाशी येऊन नोंद संपते.

नाव नसण्याची किंमत शरीराने द्यावी लागते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, न्हाणी नाही. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्याच. दुखणे घेऊन दवाखान्यात गेले की पिशवी काढण्याचा सल्ला. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहांत एक.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हते काय? कोका-कोलाचेच पाहा. ऑक्सफॅमच्या मोहिमेनंतर २०१३ मध्ये या कंपनीने जाहीर केले की साखर पुरवणाऱ्या देशांत मानवी हक्कांची तपासणी करून घेऊ. २०१९ मध्ये तिच्या सल्लागारांनी आपल्याकडच्या परिस्थितीवर अहवाल दिला: मुले ऊस तोडतात, माणसे उचल फेडण्यासाठी राबतात. दहा वर्षांच्या एका मुलीची मुलाखतही त्यात होती. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांच्या पत्रकारांनी महाराष्ट्रातल्या फडांवर मोठा वृत्तांत छापला. बालविवाह, कर्ज, पिशवीची ऑपरेशने, सारे त्यात होते. पेप्सिकोने परिस्थिती चिंताजनक असल्याचे सांगून तपासणी करू म्हटले. कोका-कोलाने तपशीलवार प्रश्नांवर बोलायचे नाकारले.

म्हणजे विचारणे झाले होते, लिहिणेही झाले होते. पण विचारणे वेगळे आणि बांधील असणे वेगळे. कामगार संघटनेशी बोलणी होतात तेव्हा कागदावर सही होते आणि ती मोडली तर जाब विचारता येतो. पाहणीत फक्त माहिती घेतली जाते. जिची माहिती घेतली तिच्या हातात काहीच राहत नाही.

बोलणी होतात तिथेही आपण नसतो, हे विसरू नका. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांच्या बोलण्यांतून तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, मुकादमांचे कमिशनही वाढले. लढून मिळवलेली वाढ आहे, तिचे स्वागतच आहे. पण दर ठरतो टनावर आणि पैसा जातो कोयत्याला. त्यातली बाईची मजुरी किती, हे कोणीच सांगू शकत नाही.

आता समाजकार्याचा पैसा. कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. नियम असा की स्वतःच्या कामगारांच्या सोयींवरचा खर्च यात धरता येत नाही. तेव्हा एखाद्या कंपनीने फडावर पॅड वाटले आणि ते या खात्यात दाखवले, तर त्याचा अर्थ काय? 'ही बाई आमची कामगार नव्हे,' असे तिने लिहूनच दिले. कामगार म्हणून जिला दारात उभे करत नाहीत, तिला लाभार्थी म्हणून फोटोला बोलावतात. पॅड जरूर घ्या, पण तिचा हक्क त्यात फिटला असे समजू नका.

यादीत नाव नसलेल्या बायकांनी कंपनीला जाब विचारल्याचे उदाहरण आहे. केरळात प्लाचिमडा येथे कोका-कोलाच्या कारखान्याने विहिरींचे पाणी बिघडले म्हणून २००२ मध्ये आदिवासी लोक कारखान्यासमोर ठाण मांडून बसले. मयिलम्मा ही आदिवासी बाई त्यांच्या पुढे होती. २००३ मध्ये पेरुमाट्टी पंचायतीने परवाना नूतनीकरण नाकारले आणि मार्च २००४ मध्ये कारखाना बंद पडला. कंपनीने त्यांना हितसंबंधी मानण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

मग आपण काय करायचे? एक, तोडणीच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बाईचे नाव, तिचे वेगळे ओळखपत्र आणि तिच्या वाट्याची मजुरी तिच्या खात्यात, ही मागणी प्रत्येक कारखान्यापुढे ठेवायची. दोन, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. टनामागे कारखान्यांकडून येणारा पैसा फडावरच्या पाण्यावर, संडासावर, पाळणाघरावर किती खर्च झाला, याचा हिशेब मागायचा. तीन, लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असायला हवी. ती हंगामात फडावर आली पाहिजे, आणि बाईशी बोलताना मुकादम शेजारी उभा नको. चार, कंपन्यांचे अहवाल मिळवून तो तक्ता एकत्र बसून वाचायचा आणि ऊसतोड बाई कुठल्या रकान्यात आहे, असे लेखी विचारायचे. इथल्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात वेचणीला जाणाऱ्या बाईसाठीही हाच प्रश्न जॅम करणाऱ्यांना विचारता येईल.

शेवटचे बोलणे आपल्यातच. इथे बसलेल्या काहींच्या घरी सहकारी कारखान्याचा शेअर आहे. जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर, म्हणून सभासदही तोच. पण ऊस आपल्या शेतातला आहे, आणि तो तोडायला आलेल्या बाईची कोपी आपल्याच बांधाला आहे. दूरच्या कंपनीला जाब विचारण्याआधी ती पाणी कुठून भरते, हे आपण विचारले पाहिजे. कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. ज्या सभासद असतील त्यांनी उभे राहून, ज्या नसतील त्यांनी घरच्या सभासदाच्या हाती लेखी देऊन, एकच प्रश्न मांडावा: आपल्या कारखान्यावर यंदा किती बायकांनी ऊस तोडला? कोयते किती होते हे कारखाना सांगेल. बायका किती, हे त्याला मोजून आणायला लावा.