चार फुटांचं यार्ड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

छोटी रेल्वे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गोल रूळ येतात. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेलं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना तर बोगदे, पूल, रोपवे आणि सुसाट धावणाऱ्या गाड्याच आठवतील. तो देखणा प्रकार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मी आज बोलणार आहे ते कुठेच न जाणाऱ्या गाडीबद्दल. चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळी, दोन सांधे, तीन फाटे, एक इंजिन आणि आठ मालडबे. मालडब्याला आपल्याकडे 'वाघीण' असा छान शब्द आहे, तोच मी वापरतो.

ही रचना इंग्लंडातल्या अॅलन राइट या छंदिष्टाची. 'इंगलनुक सायडिंग्ज' या नावाने ती जगभर ओळखली जाते. तीन फाट्यांपैकी लांब फाट्यावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडे रुळाचा एक तुकडा असतो. इंजिनाने वाघिणी बाहेर ओढायच्या त्या या तुकड्यावर. रेल्वेतली माणसं त्याला शंटिंग नेक म्हणतात. त्याच्यावर एक इंजिन आणि तीन वाघिणी एवढंच मावलं पाहिजे. आठ वाघिणींची आठ कार्डं करायची, पिसायची, त्यातली पाच काढायची आणि ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने गाडी लांब फाट्यावर लावायची. असे क्रम किती? ६७२०. म्हणजे रोज एक डाव मांडलात आणि एकही क्रम पुन्हा आला नाही, तर अठरा वर्षं पुरतील. सायमन ब्लॅकबर्न या गणिताच्या प्राध्यापकांनी अशा कोड्यांवर रीतसर शोधनिबंध लिहिला आहे. कोणत्या मापांत कोडं हमखास सुटतं, हाच त्याचा विषय. राइटच्या मापांत ते सुटतंच.

आता गंमत पाहा. फाट्यांवर जागा अकरा वाघिणींची, वाघिणी आठ, म्हणजे मोकळ्या जागा तीनच. समजा लांब फाट्यावर पाच आणि एका लहान फाट्यावर तीन वाघिणी उभ्या आहेत, दुसरा लहान फाटा रिकामा आहे. लांब फाट्यावरची चौथी वाघीण तुम्हाला टोकाला, पाचवीच्या जागी हवी आहे. नवखा माणूस पुढच्या तिन्ही वाघिणी ओढतो आणि रिकाम्या फाट्यात ढकलतो. झालं! दोन्ही लहान फाटे भरले. चौथी आणि पाचवी बाहेर काढली, तरी पाचवीला ठेवायला लांब फाट्याखेरीज जागाच नाही. जाणता माणूस आधी दोनच नेतो. मग तिसरी, चौथी, पाचवी एकदम ओढतो, पाचवीला त्या दोघींमागे सोडतो आणि चौथी लांब फाट्याच्या टोकाशी लावतो. एक जागा राखून ठेवली म्हणून काम झालं.

अशी फळी आखायची तर पहिलं मोजमाप नेकचं. दृश्य, स्टेशनची इमारत, झाडं हे सगळं नंतर. हौशी माणसाला वाटतं, नेक थोडी लांब ठेवली तर बरं, अडचण होणार नाही. पण ती पाच वाघिणींची केलीत, तर अख्खी रांग एका दमात बाहेर येते आणि डोकं चालवायचं कारणच उरत नाही. अडचण हाच या फळीचा प्राण आहे. म्हणून इंजिन आधी विकत घ्यावं, वाघिणी घ्याव्यात, त्या जोडून टेबलावर ठेवाव्यात आणि पट्टीने मोजावं. रूळ त्यानंतर कापावेत. दुकानदार उलटं सांगतात.

इंग्लंडातल्या जुन्या चारचाकी वाघिणी 'डबल ओ' मापात साधारण आठ सेंटिमीटर भरतात. पाचांचे चाळीस, दोन सांध्यांचे छत्तीस-सदतीस, नेकला छत्तीस. चार फुटांत बसतं. आपली बॉक्सएन वाघीण मात्र पावणेअकरा मीटर लांब. 'एचओ' मापात, म्हणजे एकास सत्याऐंशी या प्रमाणात, ती सव्वाबारा सेंटिमीटर होते आणि फळी पाच फुटांपुढे जाते. शिवाय बाजारात मिळणारे एचओ रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात. आपल्या ब्रॉडगेजला एकोणीसच्यावर हवेत. मी ते मनावर घेतलं नाही. ज्यांना घ्यायचं त्यांनी रूळ हाताने ओतावेत, आयुष्य त्यातच जाईल.

आणखी एक. फाट्याची लांबी सांध्यापासून मोजू नये, फाऊलिंग मार्कपासून मोजावी. दोन रूळ जिथे इतके जवळ येतात की एकावरची वाघीण दुसऱ्यावरच्या गाडीला घासेल, ती ही खूण. कागदावर पाच मावतात आणि फळीवर साडेचार, ते इथेच घडतं.

माझे वडील, अण्णा, भुसावळच्या यार्डात शंटिंग जमादार होते. १९८० च्या दशकात रेल्वेने धोरण बदललं. सुट्या वाघिणी गोळा करून गाडी बांधायची पद्धत मागे पडली आणि एकाच मालाची सबंध रेक इथून थेट तिथपर्यंत जाऊ लागली. ते योग्यच होतं. एकेक वाघीण यार्डायार्डांत दिवसचे दिवस पडून राहायची. पण त्याबरोबर ठिकठिकाणची मार्शलिंग यार्डं बंद पडली, आणि चाळीस वाघिणींचा क्रम डोक्यात धरून हिरवा-लाल दिवा हलवणाऱ्या माणसांची विद्याही गेली. ती कुणी लिहून ठेवली नाही. लिहिण्यासारखं काही आपल्याजवळ आहे, असं त्या माणसांनाही वाटलं नव्हतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी ठाण्याच्या घरात मी ही फळी केली, तेव्हा अण्णांची ऐंशी उलटली होती. मी खान्देशातला मालधक्का दाखवला होता. लांब फाटा केळी भरण्याचा, एक फाटा कापसाच्या गाठींचा, एक तेलाच्या टाकीचा. मला वाटलं, केळीच्या घडांचं कौतुक होईल. एवढ्याएवढ्याशा कागदाचे घड करताना माझा जीव गेला होता. अण्णांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "नेक किती गाड्यांची?"

"तीन, अण्णा. आणि इंजिन."

"मग ठीक," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

कारागिरीचं थोडं सांगतो. शंटिंग मुंगीच्या चालीने करायचं असतं. सांध्याच्या मधोमध दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्या क्रॉसिंगचा भाग स्वस्त सांध्यांत प्लास्टिकचा असतो. तिथे वीज नाही. धावती गाडी ओलांडून जाते, लहान इंजिन हळू जाताना तिथेच बसतं. वीज मिळणारं धातूचं क्रॉसिंग घ्यावं, पैसे जास्त पडले तरी. फळी मरीन प्लायची. आमच्या ठाण्याच्या पावसात साधं लाकूड पिळवटतं आणि रूळ वाकतात. रूळ दर आठवड्याला पुसावे लागतात.

अमेरिकेत जॉन अॅलन यांनी 'टाइमसेव्हर' नावाची पाच सांध्यांची रचना १९७२ साली प्रसिद्ध केली. घड्याळ लावून खेळायची. १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि त्यांचा तळघरातला प्रचंड, जगप्रसिद्ध लेआउट काही दिवसांतच आगीत गेला. छोटा टाइमसेव्हर मात्र अजून घरोघर बांधला जातो. मला तो फारसा रुचत नाही. अण्णांना तर मुळीच रुचला नाही. "यार्डात घड्याळ बघून घाई करणाऱ्याची बोटं बफरमध्ये जातात," एवढंच ते बोलले.

त्यांनी मग आमच्या फळीला दोन नियम लावले. वाघिणीला भिडण्याआधी इंजिन पूर्ण थांबलं पाहिजे, मग हलकेच टेकायचं. आणि तयार गाडीत तेलाची टाकी इंजिनाला लागून नको, मध्ये निदान एक वाघीण हवी. मी म्हटलं, "अण्णा, पण कार्डंच तशी निघाली तर?"

"तर पुन्हा पिस," ते म्हणाले.

आठांतून एकदा तशी वेळ येते. आम्ही अजूनही पुन्हा पिसतो.