तारीख लिहावी कशी, वाचावी कशी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, 'तू काय काम करतेस ते पंधरा मिनिटांत सांग, पण आम्हाला कळेल असं सांग.' मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पगार, हजेरी, निवृत्ती अशा कामांची सॉफ्टवेअर्स लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेली तपासते. यातला किचकट भाग कोणता, तर लोकांना वाटतं पैशांचा हिशेब. तो त्या मानाने सोपा असतो. घाम काढते ती तारीख. म्हणून आज फक्त तारखेबद्दल बोलते.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर १ जूनला काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सकाळी सहापासून केकची चित्रं सुरू होतात आणि दुपारपर्यंत कोणाला शुभेच्छा द्यायच्या राहिल्या याचा पत्ता लागत नाही. इतक्या जणांचा जन्म एकाच दिवशी झालेला नाही, हे इथे बसलेल्या सरांना आमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पहिलीत घालायला मुलाचं वय भरलेलं लागायचं. आईवडिलांना जन्म आठवायचा तो 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी', 'दुष्काळानंतरच्या साली' असा. रजिस्टरमध्ये मात्र दिवस, महिना, साल असे तिन्ही रकाने भरावेच लागायचे. मग गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे तीच तारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर गेली, तिथून नोकरीत, पासपोर्टवर आणि आता ग्रुपवरच्या केकवर.

आता ही तारीख संगणकात कशी जाते ते पाहू. आपण लिहितो ०१/०६. आपल्याकडे आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर १ जूनची झाली ६ जानेवारी. यात फसवं काय आहे ते नीट बघा. एक्सेलमध्ये अशी यादी टाकली, तर १३ जून ही तारीख त्याला तारीख वाटतच नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती तो नुसता मजकूर म्हणून ठेवून देतो आणि ती निदान वेगळी दिसते. पण १ ते १२ या दिवसांच्या तारखा गुपचूप उलटतात. उलटलेली तारीखही दिसायला खरीच असते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. म्हणून आमच्या कामात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहायची पद्धत आहे. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली ठरलं. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे यादी नुसती अंकांप्रमाणे लावली तरी ती आपोआप काळाच्या क्रमाने लागते.

आपल्यातल्या आणि आपल्या मुलांमधल्या प्रोग्रामरसाठी एक वाक्य वेगळं सांगते. जावासारख्या भाषांत तारखेचा साचा लिहिताना अक्षर लहान की मोठं याने अर्थ बदलतो. मोठा एम म्हणजे महिना, लहान एम म्हणजे मिनिट. लहान वाय म्हणजे साधं वर्ष, मोठा वाय म्हणजे आठवड्यांच्या हिशेबाचं वर्ष. मोठा वाय लिहिलेला प्रोग्राम वर्षभर बिनबोभाट चालतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत पुढचं साल छापायला लागतो. २९ डिसेंबर २०२५ हा सोमवार होता. आंतरराष्ट्रीय मोजणीत तो २०२६ च्या पहिल्या आठवड्याचा पहिला दिवस. म्हणजे त्या दिवशीच्या पावतीवर साल पडणार २०२६.

या झाल्या लिहिण्या-वाचण्यातल्या गफलती. त्याहून खोल अडचण वेगळी आहे आणि ती समजावी म्हणून एक खरं प्रकरण सांगते. नाव-गाव सांगत नाही.

एका कारखान्याचं निवृत्तीच्या याद्या काढणारं सॉफ्टवेअर तपासायला माझ्याकडे आलं होतं. कारण एकच होतं. एका कामगाराचं म्हणणं होतं की मला एक महिना आधी घरी पाठवताय. त्याचा जन्म २ जुलैचा. तिथला नियम सरकारी नोकरीसारखाच होता. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे २ जुलैवाला ३१ जुलैला निवृत्त व्हायला हवा. यादीत होतं ३० जून. कार्यालयातले लोक म्हणत होते, संगणक चुकत नाही. आणि पडद्यावर जन्मतारीख तर २ जुलैच दिसत होती.

मुरलं होतं कुठे? भूगोलाच्या तासाला बाईंनी शिकवलेलं आठवा. एका रेखांशाला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, आणि ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. आपलं शहर पंचाहत्तर अंशांच्या थोडं पुढे आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात सरासरी साडेबाराच्या सुमारास. तर त्या सॉफ्टवेअरने जन्मतारीख 'तारीख' म्हणून ठेवलीच नव्हती. तिला रात्री बाराची वेळ चिकटवून 'क्षण' म्हणून ठेवलं होतं, आणि तेही ग्रीनिचच्या वेळेत. २ जुलैची आपली मध्यरात्र म्हणजे ग्रीनिचची १ जुलैची संध्याकाळ, साडेसहा वाजताची. पडदा ती परत भारतीय वेळेत आणून २ जुलै दाखवायचा. यादी काढणारा भाग ते करत नव्हता. त्याला दिसायची १ जुलै. मग नियम लागू झाला आणि माणूस ३० जूनला घरी.

आता हे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात का आलं नाही, ते ऐका. १ जूनवाल्यांची तारीख सरकून ३१ मे होत होती. पण १ जूनवाला नियमाप्रमाणे ३१ मेलाच निवृत्त होतो, आणि ३१ मेवालाही ३१ मेलाच. उत्तर बरोबर! महिन्याच्या तीन, दहा, वीस तारखेला जन्मलेल्यांची तारीख एक दिवस मागे गेली तरी महिना तोच राहतो. म्हणजे साऱ्या यादीत फटका बसत होता तो फक्त २ तारखेला जन्मलेल्यांना. तपासणी करणाऱ्यांनी नमुना म्हणून घेतलेल्या नावांत १ जूनवाले भरपूर होते, २ तारखेचा एकही नव्हता.

त्या गृहस्थांनी काय आणलं होतं पुरावा म्हणून? शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मतारीख अंकी होती आणि खाली अक्षरी होती, 'दोन जुलै एकोणीसशे' वगैरे. त्या कागदामुळे कोणाला तरी पुन्हा तपासावंसं वाटलं आणि त्यांचा एक महिन्याचा पगार वाचला. दिवस आणि महिन्याची अदलाबदल असो, शाईचा डाग असो की कोणी खाडाखोड केलेली असो, अक्षरी लिहिलेली तारीख टिकते. शाळेच्या कार्यालयात बसून हजारो दाखले हाताने लिहिणाऱ्या लिपिक मंडळींनी हे शहाणपण पाळलं, म्हणून आज आमच्यासारख्यांना आधार मिळतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही की काळाच्या नोंदी तीन जातींच्या असतात आणि त्या मिसळू नयेत. एक, नुसती तारीख. जन्म, लग्न, निवृत्ती. तिला घड्याळ नसतं आणि देश बदलला तरी ती बदलत नाही. दोन, क्षण. पैसे खात्यावर कधी जमा झाले, विमान कधी सुटलं. तो सगळ्या जगात एकच असतो, प्रत्येकाच्या घड्याळात वेगळा दिसतो, आणि तो ग्रीनिचच्या वेळेत ठेवणंच बरं. तीन, एखाद्या गावाच्या घड्याळातली ठरलेली वेळ. आपली रविवारी रात्री साडेआठची ऑनलाइन भेट ही त्या जातीची. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही, पण अमेरिकेत मार्चमध्ये एक तास पुढे आणि नोव्हेंबरमध्ये एक तास मागे जातं. म्हणून न्यू जर्सीतली मैत्रीण उन्हाळ्यात सकाळी अकराला भेटते आणि हिवाळ्यात दहाला. तिच्यासाठी वेळ साठवताना 'साडेआठ' आणि 'भारतीय वेळ' दोन्ही साठवावं लागतं.

कोणी म्हणेल, आम्ही सगळे भारतातच आहोत, आम्हाला ही भानगड नको. ज्येष्ठ मंडळींसाठी तेही खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. संगणकाकडच्या वेळांच्या कोष्टकात ही नोंद आहे. आता एका प्रोग्रामने १९४३ ची जन्मतारीख हे कोष्टक पाहून मध्यरात्रीचा क्षण म्हणून साठवली, आणि दुसऱ्याने सरसकट साडेपाच तास मिळवून वाचली, तर मिळतात आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा. तारीख पुन्हा एक दिवस मागे. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या माणसाने आपली तारीख पडद्यावर एक दिवस चुकलेली पाहिली, तर त्याला वेंधळा समजू नका. युद्धकाळातला तो एक तास अजून हिशेबात राहिलेला असू शकतो.

आपल्या मराठवाड्याला तर हा विषय संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि महसुलाचं दप्तर फसली सनात चालायचं. आपल्याकडच्या जमिनींना कित्येक वर्षं लागू असलेला हैदराबाद जमीन महसूल कायदा हा '१३१७ फसली'चा. फसली हा शब्द गाळून नुसता आकडा संगणकात भरला तर काय होईल? मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली १३२७ साली. म्हणजे त्याच्याही दहा वर्षं आधी कोणीतरी सातबाऱ्याची तयारी करून ठेवली होती असं निघेल! प्रत्यक्षात तो काळ १९०७-०८ चा. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. म्हणून वर्षाच्या सुरुवातीच्या, डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या तारखांना ५९१. आपला मुक्तिदिन, १७ सप्टेंबर १९४८, हा त्या हिशेबाने फसली १३५७ मध्ये येतो. त्यात उत्तर हिंदुस्थानातला फसली सन वेगळा, तो आपल्यापेक्षा साधारण दोन वर्षांनी निराळा. नाव एकच, मोजणी दोन.

गेल्या काही वर्षांत ही निजामकालीन दप्तरं पुन्हा बाहेर निघाली आहेत. कोणाच्या जमिनीचा, कोणाच्या दाखल्याचा प्रश्न एका जुन्या ओळीवर अवलंबून असतो. ती ओळ संगणकात भरणाऱ्याने मूळ नोंद जशी आहे तशी ठेवावी आणि रूपांतर केलेली तारीख शेजारी लिहावी. मूळ पुसून त्यावर रूपांतर लिहू नये. रूपांतर चुकलं तर पुन्हा करता येतं. मूळ गेलं की सगळंच गेलं.

आणि शेवटची गोष्ट, १ जूनची. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे तीन रकाने होते आणि माहिती एका रकान्याचीच होती. रकाना रिकामा ठेवायची सोय नसली की माणूस काहीतरी भरतो, आणि भरलेलं ते कायमचं खरं होऊन बसतं. आज आमच्यासारखे लोक ते रकाने बनवतात. म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलामुलींना सांगते की फक्त साल माहीत असेल तर फक्त साल लिहिता आलं पाहिजे. अनेक आधार कार्डांवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं असतं, ते मला प्रामाणिक वाटतं. माहीत आहे तेवढंच लिहावं, आणि कोणत्या कालगणनेत, कुठल्या घड्याळाने, हेही लिहावं.

घरी गेल्यावर एक काम करा. आईवडिलांचे दाखले, आधार, पेन्शनचे कागद आणि बँकेच्या ॲपमधली जन्मतारीख शेजारी शेजारी ठेवून बघा. एका दिवसाचा फरक दिसला तर 'चालतंय' म्हणून सोडू नका, लेखी दुरुस्ती मागा. विशेषतः ज्यांचा जन्म २ तारखेचा आहे त्यांनी.

आणि सर, बाई, तुमच्या अक्षरातले ते दाखले आम्ही जपून ठेवले आहेत. त्यांचा उपयोग अजून संपलेला नाही.