जुने टर्नटेबल घेताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात सायंकाळच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी भाषणाला उभे राहणे हे धाडसाचे काम आहे. म्हणून फार वेळ घेणार नाही. कार्यकर्ते घरी आले आणि म्हणाले, "तुमच्याकडे अजून रेकॉर्ड वाजतात, त्यावर काहीतरी बोला." आम्ही दोघे नवरा-बायको गायक नाही आणि यंत्रांचे जाणकारही नाही. आम्ही दोन यंत्रे घेतली. पहिले चुकले, दुसरे जमले, एवढीच आमची पात्रता. आमची चूक तुमच्या उपयोगी पडावी म्हणून सांगतो.

आपल्या बुऱ्हाणपुरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या घरांत दाराबाहेर हिंदी आणि आत मराठी असा व्यवहार चालतो. आतली मराठी टिकली त्यात रेडिओ आणि रेकॉर्ड यांचा वाटा मोठा आहे. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला गीतरामायण सुरू झाले. पुढे त्याच्या रेकॉर्ड निघाल्या आणि त्या आपल्यासारख्या लांबच्या घरांतही पोचल्या. आमच्या बाबांनी मुंबईला जाणे झाले की काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून एखादी रेकॉर्ड आणायचीच असा नेम ठेवला होता. ते दुकान २०१६ साली बंद झाले. बाबा त्याच्या आधीच गेले. त्यांच्या रेकॉर्ड मात्र कपाटात तशाच होत्या. माणिक वर्मा, वाटवे, भीमसेनजी, आणि आपल्या शेजारच्या देवासचे म्हणून बाबांना विशेष अभिमान असलेले कुमार गंधर्व.

बाबांचा जुना प्लेअर केव्हाच बंद पडला होता. चार वर्षांपूर्वी मुलांनी वाढदिवसाला एक नवा प्लेअर आणून दिला. छोट्या बॅगेसारखा, झाकण उघडले की स्पीकर आतच. दिसायला देखणा. आम्ही हौसेने रोज संध्याकाळी लावू लागलो.

आमच्या आईचे वय आज ८२ आहे. पूर्वी रेकॉर्ड लागली की ती पेटी घेऊन बसायची आणि सोबत गायची. नव्या प्लेअरवर तिची आवडती रेकॉर्ड लावली तेव्हा तिने दोन ओळी म्हणून पाहिल्या आणि थांबली. म्हणाली, "सूर चढलाय रे." आम्ही म्हणालो, "आई, सूर तोच आहे, आता वय झालं." त्यानंतर ती रेकॉर्ड ऐकायला बसायची, पण गायची नाही. असे वर्षभर चालले. आम्ही धरून चाललो की आईचा कान गेला.

एके दिवशी तिनेच सुनेला बोलावले. "अगं, इकडे ये. हे गाणं आपण काळी चारवर म्हणायचो ना? आता बघ." तिने पेटीची पांढरी सहा दाबली. रेकॉर्डमधला षड्ज तिथे बरोबर बसला. म्हणजे गाणे अर्धा स्वर वर वाजत होते. पेटी जुनी आहे, तीच उतरली असेल, असे आम्हाला वाटले. म्हणून मोजून पाहायचे ठरवले.

हे मोजणे फार सोपे आहे, घरी जाऊन कोणीही करावे. मोठी रेकॉर्ड, म्हणजे एलपी, मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे. रेकॉर्डच्या मधल्या कागदावर एक पांढरी चिठ्ठी चिकटवायची, सुई रेकॉर्डवर ठेवायची, कारण सुईच्या भाराने वेग थोडा बदलतो, आणि मोबाइलवर तीन मिनिटे लावून फेरे मोजायचे. आमच्या यंत्राने १०६ घेतले. अर्धा स्वर चढायला साधारण सहा टक्के वेग वाढावा लागतो. आईचा कान बरोबर होता. ती सांगत होती तेव्हा आम्ही यंत्रावर विश्वास ठेवला, आईवर नाही.

वेग तर मिस्त्रीने मोटारीतला स्क्रू फिरवून कमी केला असता. पण तोवर दुसरी गोष्ट लक्षात आली. वर्षभर सर्वांत जास्त वाजलेली कुमारांची भजनांची रेकॉर्ड खरखरू लागली होती. त्या बॅगेतल्या प्लेअरला सुईचा भार कमी-जास्त करण्याची सोयच नव्हती. आम्ही छोटा काटा मागवून मोजले तर भार पाच ग्रॅमच्या वर निघाला. चांगल्या कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. वर सुई झिजलेली. झिजलेली सुई खाचेच्या भिंती खरवडत जाते, आणि खाचेतून खरवडला गेलेला आवाज धुऊन-पुसून परत येत नाही. यंत्र बिघडले तर दुसरे मिळते, बाबांनी आणलेली रेकॉर्ड दुसरी मिळत नाही. म्हणून यंत्र निवडताना पहिला प्रश्न हा, की हे माझ्या रेकॉर्डचे काय करेल? दिसते कसे, हे त्यानंतर.

मग शोध सुरू झाला. नवे चांगले यंत्र आवाक्याबाहेर, म्हणून जुने घ्यायचे ठरले. तीन यंत्रे पाहिली. ती तिन्ही सांगतो, म्हणजे काय बघायचे ते आपोआप कळेल.

पहिले मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर. सागवानी पेटीत बसवलेले, वजनदार, ७८च्या रेकॉर्डही वाजवणारे. बघताक्षणी मन बसावे असे. या जातीच्या यंत्रात मोटारीची गती रबराच्या चाकावाटे तबकाला मिळते. वर्षानुवर्षे बंद पडून राहिले की ते रबर कडक होते आणि त्याला एका जागी खळगा पडतो. सुई ठेवली की गाण्यामागे धड-धड ऐकू येते. चाक नवे मिळाले तर अशी यंत्रे उत्तम चालतात. पण विकणारा म्हणाला, "वाजवून दाखवायची सोय इथे नाही." जे वाजवून दाखवत नाहीत ते घेऊ नये. आम्ही हात जोडून निघालो.

दुसरे फुकट मिळत होते. अमेरिकेत असलेले एक नातेवाईक म्हणाले, "आमचं पडून आहे, घेऊन जा." पट्ट्यावर चालणारे, छान राखलेले. पण मागच्या पट्टीवर लिहिले होते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर लावून उतरवता येते, पण हर्ट्झ त्याने बदलत नाही. अशा यंत्रातली मोटार विजेच्या लयीवर फिरते. ६०च्या जागी ५० मिळाले की वेग सहाव्या हिश्शाने कमी होतो, ३३च्या जागी जेमतेम २८ फेरे. गाणे तीन अर्धस्वर खाली येते. काळी एकमध्ये गाणारा गवई खालच्या काळी पाचमध्ये गाऊ लागतो, तोही झोपेत असल्यासारखा. काही यंत्रांना ५० हर्ट्झची वेगळी पुली मिळते, त्याला मिळत नव्हती. जपानहून येणाऱ्या यंत्रांचेही असेच. तिथे वीज १०० व्होल्ट, आणि हर्ट्झ पूर्वेला ५० तर पश्चिमेला ६०. तेव्हा फुकट असले तरी मागची पट्टी वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

तिसरे पुण्यात एका निवृत्त गृहस्थांच्या घरी. जपानी बनावटीचे, डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटार थेट तबकाखाली. पट्टा नाही, चाक नाही. खाली २२० व्होल्टचे बटण होते. झाकणाची बिजागरी तुटलेली, कडेला चरे. आम्ही आमची रेकॉर्ड सोबत नेली होती. त्यांनी आधी चहा दिला आणि मग म्हणाले, "तुम्हीच लावा."

आम्ही काय पाहिले ते सांगतो. तबक हाताने फिरवून सोडले, मोटार बंद ठेवून. ते आवाज न करता हळूहळू थांबले. मधल्या दांड्याला धरून हलवले, खडखड नाही. सुईचा हात दोन बोटांनी अलगद धरून वर-खाली, डावीकडे-उजवीकडे पाहिला. बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर तिथेच कळते. तबकाच्या कडेला ठिपक्यांच्या ओळी होत्या. छोट्या दिव्याच्या उजेडात ५० हर्ट्झची ओळ एका जागी स्थिर दिसली, म्हणजे वेग बरोबर. आणि शेवटी खयालाची रेकॉर्ड लावून आलापाच्या आधीचा तंबोरा ऐकला. तबल्याच्या ठेक्यात यंत्राचे दोष लपतात, तंबोऱ्यात लपत नाहीत. वेग जरा जरी डळमळला तरी षड्ज हेलकावे खातो. तो निश्चल होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि पैसे दिले.

पैशांविषयी एक सांगायचे आहे. जुन्या यंत्राची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. आधीच्या माणसाची सुई किती तास चालली हे कोणी सांगू शकत नाही, आणि सुईचे आयुष्य साधारण ५०० ते १००० तास. म्हणून नवी सुई धरूनच हिशेब करा, आणि त्या कार्ट्रिजला सुई आज मिळते का हे यंत्र घेण्याआधी विचारा. आमच्या यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका खर्च सुईवर झाला. दुसरा खर्च फोनोचा. अशा कार्ट्रिजमधून येणारा आवाज अगदी क्षीण असतो, चार-पाच मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि टीप चढवलेली असते, ते उलटे करून घ्यावे लागते. जुन्या अँप्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेली जागा असेल तर हे काम तो करतो. नसेल तर वेगळी डबी घ्यावी लागते. नाहीतर आवाज बारीक आणि किरटा येतो आणि आपण यंत्राला दोष देतो.

प्रवासात तबक काढून वेगळे गुंडाळले, हाताचे मागचे वजन काढले, हात दोऱ्याने बांधला. पुण्याहून भुसावळ, भुसावळहून लालबाग स्टेशनपर्यंत यंत्र मांडीवरच होते.

घरी आणल्यावर आपल्या गावची खास अडचण आली. आमच्या मागच्या गल्लीत पॉवरलूम आहेत. माग चालू असताना लाकडी तक्तपोशीवर हात ठेवला तर थरथर जाणवते. माणसाला जाणवते तर सुईला का जाणवणार नाही? स्पीकरमधून घरघर येऊ लागली. मागाचे एक मिस्त्री ओळखीचे आहेत, ते बघून हसले. म्हणाले, "मशीन जमिनीवर नको, भिंतीवर घ्या." त्यांनी जाड दगडी भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून फळी बसवली आणि घरघर गेली. आणखी एक म्हणजे आपला उन्हाळा. पारा ४५च्या आसपास जातो. रेकॉर्ड आडव्या ढिगात किंवा खिडकीच्या उन्हात ठेवल्या तर पापडासारख्या वाकतात. उभ्या ठेवा, आतल्या भिंतीला ठेवा.

एक उणीव सांगितलीच पाहिजे. या यंत्रात ३३ आणि ४५ हे दोनच वेग आहेत. आजोबांच्या ट्रंकेत ७८च्या, लाखेच्या जुन्या तबकड्या आहेत, नाट्यगीतांच्या. त्यांची खाच रुंद, तिला एलपीच्या सुईच्या तीन-चार पट जाड टोकाची सुई लागते. आणि ग्रामोफोनची पोलादी सुई एलपीला लागली तर एलपी संपलीच. त्या तबकड्यांसाठी यंत्र अजून मिळायचे आहे. म्हणून यंत्र बघायला निघण्याआधी कपाट उघडा. घरात काय आहे, एलपी, छोट्या ४५च्या, की ७८च्या, ते मोजा. दुकानात शिरल्यावर हा हिशेब होत नाही.

यंत्र लावले त्या संध्याकाळी आईची तीच रेकॉर्ड ठेवली. तिला काही सांगितले नाही. मुखडा तिने नुसता ऐकला. अंतऱ्याला म्हणाली, "पेटी दे रे." काळी चार दाबली. आवाज आता थकला आहे, मधे दम लागतो, पण सूर जिथल्या तिथे होता. ती गायली. कुमारांची ती रेकॉर्ड मात्र खरखरतेच. ती खरखर आमची आहे, ती आम्ही ऐकून घेतो.

तेव्हा मंडळींना एकच विनंती. पुष्कळ घरांत माळ्यावर रेकॉर्ड पडून आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देऊ नका. वाजवायचे यंत्र नसेल तर आमच्या घरी घेऊन या, कोणत्याही रविवारी. चिठ्ठी चिकटवून आधी १०० फेरे मोजू, मग ऐकू. आणि घरातले कोणी वडीलधारे म्हणाले की सूर चढलाय, तर आधी यंत्र तपासा.

प्रसादाला उशीर केला, क्षमा असावी. गणपती बाप्पा मोरया!