ऋण संख्येचे भय कशाला?

(खारदांडा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीच्या निकालात दिसणारे गणितातले अपयश पुष्कळदा सातवी-आठवीतच सुरू झालेले असते. समीकरणात वजाचे चिन्ह आले की मूल गोंधळते. दोन-चार वेळा उत्तर चुकले की ते म्हणते, "गणित माझ्या डोक्यात शिरत नाही." घरातले मोठेही मान डोलावतात, मुलगी असेल तर "तिला कुठे हिशेब करायचे आहेत?" असे म्हणून मोकळे होतात. एका लहानशा चिन्हापायी पुढच्या शिक्षणाच्या किती वाटा बंद होतात, याचा विचार व्हावा म्हणून आज हा विषय घेतला आहे.

ऋण म्हणजे कर्ज. इ. स. 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण यांचे नियम सांगितले, ते जमा आणि देणे याच अर्थाने. पुढे 820 च्या सुमारास बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी 'अल्-जब्र' व 'अल्-मुकाबला' या रीतींवर ग्रंथ लिहिला. जब्र म्हणजे तूट भरून काढणे. एका बाजूला वजा असलेले पद दोन्ही बाजूंत मिळवून ती तूट भरायची. मुकाबला म्हणजे दोन्ही बाजूंची सारखी पदे समोरासमोर ठेवून वजा करणे. युरोपीय भाषांत बीजगणिताला जे नाव पडले, ते या जब्रवरूनच.

आता आपल्या दांड्यातलेच उदाहरण घेऊ. समजा, एका नाखव्याच्या डोक्यावर 12,000 रुपये देणे आहे. चार फेऱ्यांनंतर त्याचे देणे 20,000 झाले. प्रत्येक फेरीची कमाई सारखीच धरली, तर ती किती? कमाईला 'क्ष' म्हणू.

4क्ष − 12,000 = −20,000

येथे पुष्कळ मुले "बाजू बदलली की चिन्ह बदलते" हे वाक्य पाठ म्हणतात, पण घाईत चिन्ह तसेच ठेवून 4क्ष = −32,000 लिहितात. पाठांतर बाजूला ठेवा. तूट 12,000 ची आहे, ती दोन्ही बाजूंना भरा.

4क्ष = −20,000 + 12,000
4क्ष = −8,000
क्ष = −2,000

उत्तर ऋण आले म्हणून घाबरू नका. त्याचा अर्थ सरळ आहे : प्रत्येक फेरीत 2,000 रुपयांचा तोटा झाला; डिझेल-बर्फाचा खर्च मासळीच्या पैशातून निघाला नाही.

दुसरी चूक अशा उदाहरणात होते :

−3क्ष + 7 = 19

दोन्ही बाजूंतून 7 वजा केले की −3क्ष = 12 उरते. आता काही मुले क्ष = 12 + 3 लिहितात. पण −3 हा क्षला गुणलेला आहे, मिळवलेला नाही. गुणाकार सोडवायचा तर भागाकारच हवा. दोन्ही बाजूंना −3 ने भागा; क्ष = −4.

आता ताळा करू. −3 गुणिले −4 बरोबर 12. त्यात 7 मिळवले की 19. ऋण गुणिले ऋण धन कसे? चार-चार रुपयांची तीन देणी वहीतून खोडली गेली, तर तुमची स्थिती 12 रुपयांनी सुधारली. इतकेच ते आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एका ओळीत एकच क्रिया करा, 'बरोबर'ची चिन्हे एकाखाली एक ठेवा आणि ताळा केल्याशिवाय वही मिटू नका. नाखव्याच्या उदाहरणात −8,000 उत्तर काढणाऱ्याने ताळा केला असता, तर डावी बाजू −44,000 येऊन चूक तिथेच सापडली असती.

पालकांना एकच विनंती. आपण शाळा शिकला असाल वा नसाल, उधारीचा हिशेब तुम्हाला पक्का कळतो. मुलगा असो वा मुलगी, रोज रात्री वही समोर घेऊन विचारा : "ताळा केलास का? या उत्तराचा अर्थ काय?" मूल समजावून सांगू लागले की भीती आपोआप सुटते. या प्रश्नाला पैसा लागत नाही, शिकवणीही लागत नाही.

अल्लाह आपल्या मुलामुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो.