नावगाव न सांगणाऱ्याचे घर

(ज्ञातिमंडळाच्या हमरापूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला ‘समाजसेवा’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय एवढा विस्तीर्ण आहे, की काहीही न सांगता अर्धा तास सहज काढता येईल. तसे न करता मी एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. ज्याला घर नाही आणि जो आपले नावगावही धड सांगू शकत नाही, त्याला घर द्यावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे?

काही वर्षांपूर्वी आपल्या हमरापूर स्टेशनावर एक गृहस्थ येऊन राहिला होता. ‘गृहस्थ’ म्हणजे घरात राहणारा. हा शब्द त्याला लावताना आज संकोच वाटतो. अंगावर कपड्यांचे थर, बोलणे आपल्याला न उमजणारे. गणपतीच्या कारखान्यांत हंगाम भरात होता. कारागीर त्याला चहापाव देत, मीही घरून भाकरी पाठवीत असे. चार महिने आपण त्याला पोसले आणि त्याचे आपणांस समाधानही वाटे. आषाढात एका रात्री मोठा पाऊस झाला, आणि सकाळी तो तेथे नव्हता. कोठे गेला, याची मी चौकशी केली नाही. भाकरी पाठविणाऱ्या चारपाच घरांपैकी एकाच्याही पडवीत त्याला बोलवावे असे कोणाच्या मनात आले नव्हते, ही गोष्ट पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आली.

अशा माणसांसाठी झटणारी एक संस्था आपल्याच जिल्ह्यात, कर्जतजवळ आहे. डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी १९८८ साली मुंबईत एका तरुणाला करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिले. त्यांनी त्याला उचलून आपल्या दवाखान्यात आणले. उपचारानंतर तो पदवीधर निघाला. त्याचे वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेत अधिकारी होते! या प्रसंगातून ‘श्रद्धा’ ही संस्था उभी राहिली. कर्जतचे केंद्र २००६ साली सुरू झाले, आणि २०१८ साली डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोपर्यंत सात हजारांहून अधिक रुग्ण बरे होऊन स्वगृही पोहोचले होते. औषधाने मन ताळ्यावर आले की माणसाला हळूहळू आपले गाव आठवते. मग संस्थेचे कार्यकर्ते त्याला घेऊन, कितीही दूर असो, त्याच्या दारापर्यंत जातात.

परंतु दार उघडलेच नाही तर? आईबाप वारलेले, भावांनी वाटण्या केलेल्या, नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला. स्त्रियांच्या बाबतीत तर हे फार होते. मनोरुग्णालयांतून अशी माणसे बरी होऊनही वर्षानुवर्षे पडून राहिली, याचे कारण केवळ न्यावयास कोणी आले नाही! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १९ व्या कलमात हे स्पष्टच निषिद्ध मानले आहे. कुटुंब नाही किंवा घर नाही एवढ्याच कारणास्तव कोणासही रुग्णालयात ठेवता येणार नाही. कायदा चांगला आहे; पण कायद्याला ओसरी नसते.

ती ओसरी कशी असावी, हे चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने दाखविले. वंदना गोपीकुमार व वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी ती १९९३ साली काढली. पुढे त्यांच्या ध्यानी आले, की आश्रम कितीही मायेचा असला तरी तेथे घंटा वाजली की जेवावे लागते. म्हणून चारपाच जणींसाठी सामान्य वस्तीत साधे घर भाड्याने घ्यावयाचे, बाजारहाट व स्वयंपाक त्यांनीच करावयाचा, आणि मदतीस एक कार्यकर्ती जवळ असावयाची, अशी योजना त्यांनी आखली. महाराष्ट्रातही हे काम आता आले आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून आणि फिनलंडमध्ये २००८ पासून सरकारी पाठबळाने याच विचाराची घरे चालली आहेत. ‘आधी सुधार, मग घर देतो’ अशी अट तेथे घालीत नाहीत. घर आधी मिळते.

अशी संस्था चालविणाऱ्याची खरी कसोटी कोठे लागते, हे मी ती कामे करणाऱ्यांकडून ऐकले आहे. उद्घाटनाच्या दिवशी सगळेच उदार असतात. अन्नदानाला, घोंगड्यांना देणगी मिळते. इमारतीला तर मिळतेच, कारण तीवर नावाची पाटी लागते. दर महिन्याचे भाडे, रोजच्या गोळ्या, कार्यकर्तीचा पगार, आधार कार्ड व शिधापत्रिकेसाठीचे हेलपाटे यांवर पाटी कोठे लावणार? आणि त्याहून अवघड म्हणजे शेजाऱ्यांची समजूत. एखादी बाई रात्री मोठ्याने बोलली, की घर खाली करा म्हणून निरोप येतो.

आता मूळ मुद्दा. आपल्या मंडळाने शिष्यवृत्त्या दिल्या, वधूवरमेळावे भरविले, अडल्यानडल्याला हात दिला. हे सारे करताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणाचा कोण? स्टेशनावरच्या त्या माणसाला याचे उत्तर देता आले नसते. म्हणून तो आपल्या कोणत्याच निधीत बसत नव्हता. ज्ञातीने ज्ञातीपुरते पाहावे, असे म्हणणारे येथे आहेत. त्यांत माझे थोरले बंधूही आहेत, आणि त्यांचा मी आदर करतो. तथापि मनाचा आजार जात विचारून येत नाही. आपल्यातलेही कोणी आज परमुलखातल्या एखाद्या स्टेशनावर बसले असेल, आणि तेथल्या मंडळींनी आपला निधी उघडण्यापूर्वी त्याची जात विचारावी, असे आपणांस वाटेल काय?

मुंबई-ठाण्यास गेलेल्या मंडळींची कुलूपबंद घरे येथे आहेत. त्यांत आमचेही एक आहे. दोन खोल्या, पडवी आणि मागे विहीर. चार जणींना पुरेल. अनुभवी संस्था देखरेखीस मिळाल्यास ते अकरा महिन्यांच्या कराराने नाममात्र भाड्यात देण्यास मी तयार आहे. कारखान्यांत रंगकामाला, माती मळण्याला माणसे लागतातच. जिला जमेल तिला रोजगारही मिळेल. मंडळाने फक्त कार्यकर्तीच्या पगाराची तीन वर्षांची हमी घ्यावी आणि शेजारच्या घरांशी आधी बोलून घ्यावे. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती आज संध्याकाळच्या सभेत मांडावी. मी शेवटच्या गाडीपर्यंत येथेच आहे.