नागरिकत्वापासून मतपेटीपर्यंत

अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत नागरिक कोणाला म्हणावे, हे कुठेच सांगितलेले नव्हते. ही उणीव किती घातक होती, ते 1857 साली ड्रेड स्कॉट खटल्यात दिसले. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, मग ते मुक्त का असेनात, या देशाचे नागरिक होऊच शकत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तो पुसायला यादवी युद्ध आणि 1868 ची चौदावी घटनादुरुस्ती लागली. अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारकक्षेत असलेली व्यक्ती त्या दुरुस्तीने नागरिक ठरली.

नागरिकत्वापाठोपाठ मत मात्र आले नाही. मिसुरी राज्यातील व्हर्जिनिया मायनर यांना मतदार म्हणून नोंदणी नाकारण्यात आली. त्या नागरिक आहेत, पण नागरिकत्वात मताधिकार येत नाही, असे न्यायालयाने 1875 मध्ये सांगितले. स्त्रियांना 1920 च्या एकोणिसाव्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले.

1870 च्या पंधराव्या दुरुस्तीची खरी अडचण तिच्या नकारार्थी रचनेत होती. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मत नाकारू नये, एवढेच ती सांगते. दुसरे कारण शोधायला दक्षिणेतील राज्ये मोकळी राहिली. साक्षरतेच्या परीक्षा आल्या, मतदान कर आला. व्हर्जिनियात हा कर वर्षाला दीड डॉलर होता, आणि मागील तीन वर्षांचा कर निवडणुकीच्या सहा महिने आधी चुकता करावा लागे. निवडणुकीची हवाही नसताना हे पैसे बाजूला काढणे हातावर पोट असलेल्याला, काळ्याला तसेच गोऱ्यालाही, जमणारे नव्हते. 1964 च्या चोविसाव्या दुरुस्तीने हा कर फक्त संघराज्याच्या निवडणुकांतून हटवला. राज्यांच्या निवडणुकांतून तो 1966 मध्ये हार्पर खटल्याने गेला, तोही चौदाव्या दुरुस्तीतील समान संरक्षणाच्या आधारावर. 1965 चा मताधिकार कायदा झाला नसता, तर पंधरावी दुरुस्ती दक्षिणेत आणखी कित्येक वर्षे कागदावरच राहिली असती.

याउलट, भारताच्या घटनेने कलम 326 मध्ये प्रौढ मताधिकार आरंभापासूनच दिला. मतदाराचे वय 21 वरून 18 करणारी दुरुस्ती अमेरिकेत 1971 मध्ये झाली. भारतात एकसष्टावी दुरुस्ती 1989 मध्ये अमलात आली. नागरिकत्व मात्र कलम 11 ने संसदेवर सोपवले आहे. म्हणून 1955 चा नागरिकत्व कायदा घटनादुरुस्तीशिवाय, साध्या बहुमताने बदलता येतो. दोन्ही देशांतील हा फरक या परिषदेच्या चर्चेचा गाभा आहे.