बारा दिवसांची रोजंदारी

मागे कोपरगावजवळच्या एका वस्तीवर बचत गटाची बैठक आटोपली, तेव्हा खुरपणीला जाणारी एक बाई मागे थांबली. हळूच म्हणाली, "ताई, बीज दिलं तर पैसे मिळतात म्हणे. खरं का?"

खरे म्हणजे, कायद्याने नाही. २०२१ च्या कायद्यानुसार स्त्रीबीजाची विक्री हा गुन्हा आहे. देणारीचे वय २३ ते ३५ हवे, आयुष्यात एकदाच द्यायचे, सातहून अधिक बीजे काढायची नाहीत आणि मूल हवे असलेल्या जोडप्याने तिचा बारा महिन्यांचा विमा उतरवायचा.

हेतू चांगला आहे. पैसे घेऊन रक्त देणारेही एकेकाळी होतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने ते थांबले. पण श्रोतेहो, रक्त देऊन माणूस चहा-बिस्किट खातो आणि कामाला लागतो. इथे दहा-बारा दिवस इंजेक्शने, मधूनमधून सोनोग्राफी आणि शेवटी भूल देऊन सुईने बीजे काढायची. क्वचित अंडाशये सुजतात, पोटात पाणी होते आणि ते जिवावरही बेतते. २०१० मध्ये मुंबईत बीजे दिल्यानंतर सतरा वर्षांची एक मुलगी दगावली. भंगाराच्या दुकानात काम करणारी पोर! प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तिला दानाची हौस होती, असे कोण म्हणेल?

म्हणून बाजार नकोच. बीजामागे भाव ठरला, की जास्त बीजांसाठी औषधाची मात्रा वाढवण्याचा मोह आलाच. शिवाय नवऱ्याचे कर्ज फेडायला बायकोला पाठवणारे घरही निघेल.

मात्र दुसरी बाजूही पाहा. डॉक्टर फी घेतात, भूल देणारे घेतात, प्रयोगशाळा घेते, औषध कंपनी घेते. औदार्याची अपेक्षा तेवढी त्या बाईकडून! मला वाटते, बीजाची किंमत नको, पण बुडालेली मजुरी, गाडीभाडे, लेकरे सांभाळायचा खर्च तिला उघडपणे, कागदावर मिळावा. आणि बीजे किती निघाली यावर तो अवलंबून नसावा.

त्या बाईला मी विक्रीबंदी, वय, धोका, सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग बोटांवर मोजत म्हणाली, "म्हणजे बारा दिवसांची रोजंदारी बुडणार. ती कोण देणार?"